शिवाजी पार्क : मोकळ्या जमिनीची शंभर वर्षे

आपल्या पार्काचा इतिहास लिहायला बसले की हात आधी सभांकडे, मेळाव्यांकडे, शपथविधींकडे जातो. तो भाग पुढे येईलच. पण हे मैदान इथे का आहे आणि त्याला हे नाव कोणामुळे मिळाले, या दोन प्रश्नांची उत्तरे मैदानात रोज फिरायला येणाऱ्यांपैकीही फार थोड्यांना ठाऊक असतात. शताब्दीच्या निमित्ताने निघणाऱ्या या स्मरणिकेत निदान तेवढे तरी नीट नोंदले जावे, म्हणून हा लेख.

सुरुवात प्लेगपासून करावी लागते. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीच्या दाट वस्तीत डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी पहिला रुग्ण ओळखला आणि काही महिन्यांत अर्धी मुंबई गाव गाठायला निघाली. हवा नाही, उजेड नाही, एका खोलीत दहा-दहा माणसे, दोन चाळींच्या मधल्या गल्लीत गटार, अशा वस्त्यांत रोगाला अडवणारे काहीच नव्हते. त्या हाहाकारातून १८९८ मध्ये मुंबईचा सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट जन्माला आला. जुन्या वस्त्यांतून रुंद रस्ते काढायचे आणि शहराला उत्तरेकडे, दादर, माटुंगा, शीवच्या दिशेने मोकळी जागा द्यायची, असे ते धोरण होते. दादर पूर्वेच्या हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी त्यातून उभ्या राहिल्या. पश्चिमेला माहीमच्या बाजूला तेव्हा नारळीच्या वाड्या, भातखाचरे आणि समुद्राकाठची कोळ्यांची वस्ती होती. त्या बाजूला महापालिकेने मोठे मैदान आखले, त्याच्या भोवती रस्ता, रस्त्याच्या कडेने घरांचे भूखंड. १९२५ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. नाव होते माहीम पार्क.

इथे मैदान आधी झाले आणि इमारती मागून आल्या, हे मला या पार्काच्या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे कलम वाटते. मुंबईत एरवी इमारती उभ्या राहतात आणि उरलेल्या तुकड्यावर बाग होते. इथे तीसच्या आणि चाळीसच्या दशकांत ज्यांनी घरे बांधली त्यांनी मैदानाकडे तोंड करून बांधली. आर्ट डेको शैलीतल्या त्या तीन-चार मजली इमारतींचे गोलाकार सज्जे, कोपऱ्यावर वळणाऱ्या गच्च्या, जिन्याच्या उभ्या खिडक्या अजून काही ठिकाणी शिल्लक आहेत. बऱ्याच पुनर्विकासात गेल्या आणि उरलेल्याही जातील अशी चिन्हे आहेत. मैदान मात्र आखले तेवढेच राहिले, सुमारे २८ एकर. त्याला वेढणारा बसका कट्टा सव्वा किलोमीटरला थोडा कमी भरतो. सकाळी सहाला या कट्ट्यालगत चालणारी माणसे आणि रात्री दहाला त्याच कट्ट्यावर पाय सोडून बसलेली माणसे वेगळी असतात. दुपारी तर तिसरीच, डबा खाणारी, मोबाइलवर काम शोधणारी, परीक्षेची पुस्तके उघडून बसलेली.

आता नावाची गोष्ट.

१९२७ हे शिवाजी महाराजांच्या जन्माचे त्रिशताब्दी वर्ष म्हणून पाळले गेले. तेव्हा रूढ असलेले जन्मवर्ष १६२७ होते. जेधे शकावली टिळकांनी त्याआधीच प्रसिद्ध केली होती आणि तिच्या आधारे १६३० चा आग्रह धरणारे अभ्यासक होते, पण लोकांच्या मनात जुनी तिथी रुजलेली होती. पुढे बऱ्याच वादानंतर शासनाने फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही तिथी मान्य केली. १९२७ मध्ये मात्र गावोगाव तीनशे वर्षांचे उत्सव झाले, आणि त्या उत्साहात मुंबई महापालिकेच्या एका सभासद बाईंनी आग्रह धरला की माहीम पार्काला महाराजांचे नाव द्यावे. त्या बाई म्हणजे अवंतिकाबाई गोखले.

हा आग्रह किती मोठा होता ते आज चटकन ध्यानात येत नाही. महाराजांचे नाव सार्वजनिक ठिकाणी घेणे ही तेव्हा राजकीय कृती होती. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये त्यांच्यावर पोवाडा लिहिला, टिळकांनी पुढे रायगडच्या समाधीच्या जीर्णोद्धाराची आणि शिवजयंतीची चळवळ उभी केली. १८९७ मध्ये शिवराज्याभिषेकाच्या उत्सवानिमित्त 'केसरी'त आलेल्या मजकुरावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि अठरा महिन्यांची सजा झाली. म्हणजे ज्या नावाच्या उत्सवामुळे माणूस तुरुंगात गेला, ते नाव तीसच वर्षांत इंग्रजी राज्यातल्या पहिल्या नंबरच्या शहराच्या मैदानाला लागले. पुण्यात त्याच सुमारास महाराजांचा अश्वारूढ पुतळा होत होता. त्याची कोनशिला १९२१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सने बसवली आणि १९२८ मध्ये गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी त्याचे अनावरण केले. तिथे राजघराण्याचा हात लागला होता. दादरला मात्र लोकांनी निवडलेल्या महापालिकेने हे नाव दिले.

हे शक्य झाले त्याला कारण महापालिकाच बदलली होती. आधी ती करदात्या घरमालकांची, शेटियांची सभा होती. १९२२ च्या दुरुस्तीने दरमहा दहा रुपये भाडे भरणाऱ्या भाडेकरूलाही मत मिळाले. गिरगावच्या चाळीतला कारकून, छापखान्यातला जुळारी, शाळामास्तर मतदार झाले. स्त्रियांना महापालिकेचे दार उघडले ते याच काळात, आणि पहिल्या मोजक्या स्त्री सभासदांत अवंतिकाबाई होत्या.

त्यांच्याविषयी थोडे थांबून लिहिले पाहिजे. जन्म १८८२ चा, इंदूरचा. पती बबनराव गोखले हे इंजिनिअर. अवंतिकाबाईंनी सुईणीचे आणि परिचारिकेचे शिक्षण घेतले होते, आणि हे शिक्षण त्यांच्या सगळ्या पुढच्या कामाच्या मुळाशी आहे असे मला वाटते. गांधीजींनी १९१७ मध्ये चंपारणात निळीच्या मळेवाल्यांविरुद्ध लढा दिला. त्या जोडीने तिथल्या खेड्यांत शाळा आणि आरोग्याचे काम सुरू करायचे त्यांनी ठरवले, तेव्हा मुंबईहून अवंतिकाबाईंना आणि पुण्याहून आनंदीबाई वैशंपायन यांना बोलावले. बडहरवा या खेड्यात १३ नोव्हेंबर १९१७ ला पहिली शाळा निघाली ती बबनराव आणि अवंतिकाबाई या दोघांनी चालवली. बाहेरून आलेल्या शिक्षकांना हिंदीची अडचण होती. गांधीजींनी त्यांना सांगितले की तुम्ही व्याकरण आणि पाढे शिकवण्यापेक्षा स्वच्छता आणि चांगल्या सवयी शिकवा. भाषा येत नसताना परमुलखातल्या बायकांच्या घरात शिरून विहीर, अंगण, मुलांचे खरूज यांबद्दल बोलणे म्हणजे काय काम असेल, हे ज्यांनी कधी आरोग्यसेवा केली आहे त्यांनाच कळेल.

परत आल्यावर १९१८ मध्ये त्यांनी गांधीजींचे मराठी चरित्र लिहिले. गांधी तोवर महाराष्ट्रात सर्वांच्या तोंडी झाले नव्हते. त्या पुस्तकाला प्रस्तावना लोकमान्य टिळकांची आहे. मुंबईत त्यांनी हिंद महिला समाज चालवला, स्त्रियांना एकत्र आणले, सूतकताईपासून साक्षरतेपर्यंत कामे केली. १९३० च्या कायदेभंगात तुरुंगात गेल्या. १९४९ मध्ये त्या गेल्या. गिरगावात ऑपेरा हाऊसजवळ त्यांच्या नावाचा रस्ता आहे. पण ज्या मैदानाचे नाव त्यांच्या आग्रहाने पडले तिथे संध्याकाळी कट्ट्यावर कोणालाही विचारा, अवंतिकाबाई हे नाव ओळखीचे निघत नाही. ही उणीव आपली आहे, या परिसरात राहणाऱ्यांची.

महाराजांच्या नावाशी जोडलेले दुसरे माणूस पार्काच्या कडेलाच आहे, आणि तेही तसेच विसरले गेले आहे. मैदानाच्या बाजूने जाणाऱ्या केळुसकर मार्गावर आपण घरे घेतली, गाड्या लावल्या, भेळ खाल्ली. ते केळुसकर म्हणजे कृष्णराव अर्जुन केळुसकर, सगळा महाराष्ट्र त्यांना गुरुवर्य म्हणे. १८६० मध्ये वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गावी जन्मलेले, मुंबईत विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक असलेले. महाराजांचे पहिले सविस्तर, साधार मराठी चरित्र त्यांनी लिहिले, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. त्याआधी बखरी होत्या, पोवाडे होते, इंग्रजांनी लिहिलेले इतिहास होते. केळुसकरांनी ही सगळी साधने समोर ठेवून शिक्षकाच्या शिस्तीने ग्रंथ सिद्ध केला. मोठा ग्रंथ, छापायचा खर्च मोठा, खप बेताचा.  १९२१ मध्ये प्रा. ताकखाव यांनी त्याच्या आधारे इंग्रजी चरित्र सिद्ध केले आणि मग मराठी न येणाऱ्यांपर्यंतही तो पोचला. १९२७ मध्ये सुशिक्षित मुंबईकराच्या मनात महाराजांची जी प्रतिमा होती ती घडवण्यात या शाळामास्तरांच्या ग्रंथाचा वाटा होता, असे म्हणायला हरकत नाही.

केळुसकरांची दुसरी एक हकिगत आहे आणि तीही बागेतलीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चर्नी रोडच्या बागेत संध्याकाळी ते वाचत बसत. तिथे एक शाळकरी मुलगाही पुस्तक घेऊन येई. परळच्या चाळीतल्या एका खोलीत अभ्यासाला जागा नव्हती. केळुसकरांनी चौकशी केली, कोणाचा, कुठल्या शाळेत, काय वाचतोस. मुलाचे नाव भीमराव आंबेडकर. पुढे १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला तेव्हा सत्काराची सभा भरली, आणि तिथे केळुसकरांनी त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. महाविद्यालयाच्या शिक्षणासाठी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची मदत मिळवून देण्यातही त्यांचा पुढाकार होता. बाबासाहेबांच्या आयुष्यात बुद्ध आला तो या पुस्तकाच्या वाटेने.

७ डिसेंबर १९५६ ला दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले. केळुसकर मार्गापासून ती जागा चालत पंधरा मिनिटांवर आहे. तिथे चैत्यभूमीचा स्तूप १९७१ मध्ये झाला. दरवर्षी ६ डिसेंबरच्या आधी दोन-तीन दिवस शिवाजी पार्कात मांडव पडतात. नांदेड, अकोला, नागपूर, सोलापूर, त्यापलीकडूनही माणसे रेल्वेने येतात, डोक्यावर बोचके, कडेवर मूल, हातात निळा झेंडा. महापालिका पाण्याचे टँकर, फिरती शौचालये, दवाखान्याची सोय करते. दर्शनाची रांग लांबच लांब असते, म्हणून बरेच जण रात्र मैदानातच काढतात. आणि मैदानाच्या कडेने पुस्तकांची दुकाने लागतात. जमिनीवर प्लास्टिक अंथरून त्यावर मांडलेली 'बुद्ध आणि त्याचा धम्म', संविधानाच्या प्रती, पातळ कागदावरची भीमगीतांची पुस्तके, कॅलेंडरे. उसने पैसे करून आलेली बाई दहा मिनिटे पाने उलटते, किंमत विचारते, घासाघीस करते आणि मुलासाठी एक पुस्तक पदराखाली घालून पुढे जाते. पुस्तकांची अशी विक्री मुंबईत दुसरीकडे मी पाहिलेली नाही. आसपासच्या इमारतींतून या तीन दिवसांबद्दल गर्दीच्या, कचऱ्याच्या तक्रारी होत असत, अजूनही क्वचित होतात. ज्याचे नाव मैदानाला आहे त्या राजाचे चरित्र लिहिणारा माणूस आणि बाबासाहेबांच्या हाती बुद्ध देणारा माणूस एकच होता, एवढे ठाऊक असले तर ही तक्रार करणे जड जाईल.

सभांचा इतिहास बहुतेकांना पाठ आहे, म्हणून तो थोडक्यात. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अत्रे, डांगे, एसेम, प्रबोधनकार, सेनापती बापट या मैदानात बोलले, अमर शेखांचा आवाज इथे घुमला. राज्य झाल्यावर १ मेचे संचलन इथे होऊ लागले. महाराजांचा पुतळा १९६६ मध्ये बसला. तो नीट पाहावा असा आहे. अश्वारूढ महाराजांच्या हातात उपसलेली तलवार नाही, पुढे पसरलेला मोकळा हात आहे, मागच्यांना चला म्हणणारा. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला शिवसेनेचा पहिला दसरा मेळावा झाला. १९९५ मध्ये मनोहर जोशी यांनी आणि २०१९ मध्ये उद्धव ठाकरे यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ इथेच घेतली. बाळासाहेबांवर नोव्हेंबर २०१२ मध्ये आणि लतादीदींवर ६ फेब्रुवारी २०२२ ला अंत्यसंस्कार झाले तेही याच मातीत. दसऱ्याच्याच दिवसांत बंगाल क्लबची दुर्गापूजा असते, आणि धुनुचीचा धूर आणि ढाकाचा ठेका केळुसकर मार्गापर्यंत येतो.

खेळाबद्दल लिहायचे तर सगळे क्रिकेटवर जातात. ते रास्तच आहे. सुभाष गुप्ते, विजय मांजरेकर, रमाकांत देसाई यांच्यापासून सचिनपर्यंतची नावे या मैदानाशी जोडलेली आहेत. रमाकांत आचरेकर सरांची नेट इथे असे. यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवायचे, बाद करील त्या गोलंदाजाचे ते नाणे, शेवटपर्यंत टिकला तर फलंदाजाचे. सर २ जानेवारी २०१९ ला गेले. डिसेंबर २०२४ मध्ये मैदानाच्या पाचव्या प्रवेशद्वाराजवळ त्यांचे स्मारक झाले, सचिनच्या हस्ते.

पण ज्याला पार्काचे खरे वैभव पाहायचे असेल त्याने सकाळी समर्थ व्यायाम मंदिरात जावे. सागवानी खांब, एरंडेल तेलाने काळाभोर आणि गुळगुळीत झालेला. सात-आठ वर्षांची मुलगी सलामी करून धावत येते, दसरंग मारून वर जाते, अढी घालते, मग दोन्ही हात सोडून मांड्यांच्या पकडीवर उलटी लटकते. खाली उभी असलेली ताई फक्त 'पाय ताठ' म्हणते. बाजूला दोरीचा मल्लखांब, त्यावर मोठ्या मुली. अंध आणि विशेष मुलेही इथे हे शिकतात. उत्तर पेशवाईत बाळंभटदादा देवधरांनी ज्या विद्येला रूप दिले ती या मैदानात रोज दोन वेळा चालते. उदय देशपांडे सरांनी आयुष्य यात घातले, २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. फेब्रुवारी २०१९ मध्ये पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली तीही शिवाजी पार्कातच. तेव्हा परदेशी मुले या मातीत सलामी करताना पाहून डोळे भरून आले, हे इथे सांगितले पाहिजे.

शंभर वर्षांत या मैदानावर डोळा ठेवणारे अनेक होऊन गेले. जागा शाबूत राहिली ती रहिवाशांच्या चिकाटीने. आवाजाच्या त्रासावरून ते न्यायालयात गेले आणि २०१० मध्ये उच्च न्यायालयाने पार्क शांतता क्षेत्र ठरवले. तेव्हापासून खेळाव्यतिरिक्तच्या कार्यक्रमांना ठरावीक दिवसच मिळतात. सध्याचा मोठा प्रश्न धुळीचा आहे. मैदानात टाकलेली लाल माती वारा सुटला की उडते आणि घराघरांत, फुप्फुसांत जाते. गवत, पाण्याचे फवारे, पावसाचे पाणी जिरवण्याची योजना, सगळे करून झाले, तज्ज्ञांचे सल्ले झाले, धूळ आहेच. २०२० मध्ये मैदानाचे नाव अधिकृतपणे छत्रपती शिवाजी महाराज पार्क झाले. नावाचा मान वाढला याचा आनंद आहे, तितक्याच निकडीने धुळीचा कायमचा बंदोबस्त व्हावा.

आणि एक मागणी. महापालिकेने एका प्रवेशद्वारापाशी साधा दगडी फलक लावावा. त्यावर माहीम पार्क १९२५ मध्ये खुले झाल्याचे, १९२७ मध्ये सभासद अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने त्याला शिवाजी महाराजांचे नाव मिळाल्याचे आणि शेजारच्या रस्त्याचे केळुसकर कोण होते त्याचे चार ओळींत लिहावे. मराठीत मोठ्या अक्षरांत, खाली हिंदी-इंग्रजीत, आणि बोटांनी वाचता येईल अशा ब्रेल लिपीतही, कारण समर्थमध्ये येणारी मुले रोज त्याच वाटेने जातात.